तक्रारीआधी केसपेपर: मनोरुग्णालयाला जाब कसा विचारावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा ३२ वर्षांचा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो. आठवडाभर झोप नाही, अखंड बडबड आणि शेजाऱ्यांवर संशय अशा अवस्थेत आईने त्याला शहराबाहेरच्या एका खाजगी मनोरुग्णालयात दाखल केले. तेथे तो २३ दिवस होता आणि त्यांतले पहिले १५ दिवस कोणालाही भेटू दिले नाही. घरी आल्यावर त्याने सांगितले की तीन रात्री त्याचे हातपाय पलंगाला बांधून ठेवले होते. निघताना तुमच्या हाती अर्ध्या पानाचे डिस्चार्ज कार्ड आणि बिल, एवढेच पडले. तक्रार कोठे करावी, तिचा काही उपयोग होतो का आणि डॉक्टर डॉक्टरला पाठीशी घालतात हे खरे का, असे तुम्ही विचारता.

मी पुण्यात २६ वर्षे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि अशा तक्रारींत तज्ज्ञ म्हणून मतही दिले आहे. त्या अनुभवावरून पहिली विनंती ही की तक्रार आज लिहू नका, आधी केसपेपर मागा. रागाच्या भरात लिहिलेल्या तक्रारीत ‘अमानुष वागणूक’, ‘पैशासाठी डांबून ठेवले’ असे शब्द येतात. ते खरे असले तरी त्यांवर चौकशी करणाऱ्याला काही करता येत नाही. अमुक तारखेच्या पानावर अमुक नोंद असायला हवी होती आणि ती नाही, एवढे दाखवता आले की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. आंतररुग्णाचा केसपेपर म्हणजे दाखल करतानाचा अर्ज आणि त्यावरच्या सह्या, पहिल्या दिवशीची तपासणी, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंगच्या नोंदी, औषधांचा तक्ता, तपासण्यांचे अहवाल आणि बांधून ठेवले असेल तर त्याची नोंद. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात की आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपली पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत दिली पाहिजेत. २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे विनियम काढले, पण काही आठवड्यांतच ते स्थगित केले, त्यामुळे २००२ चेच नियम हाताशी आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम २५ मध्येही मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला स्वतःची मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. एखादी माहिती दिल्याने त्याच्या मनावर गंभीर आघात होईल किंवा दुसऱ्या कोणाला इजा पोहोचेल असे वाटल्यास डॉक्टर तेवढी माहिती रोखू शकतात, पण मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (याच कायद्याखालील मंडळ, त्याबद्दल पुढे) दाद मागता येते हे त्याला सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘मनोरुग्णांची फाइल आम्ही कोणाला देत नाही’ हे काउंटरवर मिळणारे उत्तर कायद्यात बसत नाही. अर्ज साध्या कागदावर लिहा, त्यावर भावाची सही घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परत येऊ नका. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह टपालाने पाठवा.

केसपेपर हाती आला की आधी दाखल करतानाचा अर्ज काढा आणि तुमच्या भावाला कोणत्या कलमाखाली दाखल केले ते पाहा. बहुतेक नातेवाईक हे पान उलटतात. मी मात्र तेथेच सर्वांत जास्त वेळ थांबतो.

कायद्यात प्रौढ रुग्णासाठी मुख्य वाटा दोन आहेत. कलम ८६ खाली रुग्ण स्वतः, समजून-उमजून दाखल होतो. त्याला स्वतंत्र रुग्ण म्हणतात. त्याच्यावर त्याच्या संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत आणि त्याने जायचे म्हटले की सोडावे लागते. प्रकृतीची काळजी वाटल्यास फार तर २४ तास थांबवून तपासता येते. कलम ८९ वेगळे आहे. आजाराच्या तीव्रतेमुळे रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, किंवा स्वतःची काळजी घेण्याइतकाही सावरलेला नाही, अशा वेळी त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याने आधी लेखी नेमलेल्या किंवा तसे कोणी नसल्यास नातेवाईक म्हणून त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावरून त्याला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे, दाखल होण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, तपासलेले असावे लागते. पुरुष रुग्णाच्या बाबतीत सात दिवसांच्या आत आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत तीन दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. शिवाय रुग्ण स्वतः संमती देण्याइतका सावरला आहे का, याचा आढावा दर सात दिवसांनी घेऊन तो लिहावा लागतो. म्हणजे २३ दिवसांच्या मुक्कामात असे किमान तीन आढावे कागदावर दिसले पाहिजेत.

वस्तुस्थितीत काय घडते ते सांगतो. चार माणसे धरून आणतात, इंजेक्शन दिले जाते आणि दुसऱ्या दिवशी गुंगीत असलेल्या त्याच रुग्णाची सही कलम ८६ च्या अर्जावर घेतली जाते. कारण ८९ लावले की दोघांची तपासणी, मंडळाला पत्र, साप्ताहिक आढावा, हे सगळे आलेच. ८६ मध्ये यांतले काही नाही. असे कागद मी पाहिले आहेत. सही इतकी वाकडी, की ओळ सोडून खाली घसरलेली. आणि त्याच तारखेच्या नर्सिंगच्या नोंदीत ‘रुग्ण आक्रमक, दोन वेळा इंजेक्शन’. ही दोन पाने शेजारी ठेवली की वेगळा पुरावा लागत नाही. एकाच दिवशी माणूस आक्रमक म्हणून इंजेक्शन देण्याजोगा आणि विचारपूर्वक संमती देण्याजोगा, असा दोन्ही कसा, याचे उत्तर रुग्णालयाने द्यायचे असते. तुमच्या भावाच्या फाइलमध्ये ८६ असेल आणि तो पहिल्या दिवसापासून ‘मला घरी जायचे आहे’ म्हणत असेल, तर हाच तुमच्या तक्रारीचा पहिला मुद्दा आहे आणि तो बांधून ठेवण्याच्या मुद्द्याइतकाच गंभीर आहे.

आता बांधून ठेवण्याबद्दल. साखळीने बांधण्यास कलम ९५ मध्ये पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडात असलेले पंचवीसहून अधिक रुग्ण जागचे हलू न शकल्याने मेले. ती बंदी का आली हे समजण्यासाठी एवढे पुरेसे आहे. एकांत कोठडीही वर्ज्य आहे. कापडी पट्ट्यांनी बांधणे मात्र कायद्याने पूर्ण बंद केलेले नाही आणि वैद्यकीय दृष्टीनेही ते करता येणार नाही, कारण अगदी थोड्या वेळा, उन्मादाच्या तीव्र अवस्थेत, इंजेक्शनचा परिणाम होईपर्यंत दुसरा उपाय नसतो. पण कलम ९७ च्या अटी कडक आहेत. लगेच होऊ घातलेली इजा टाळण्याचा तोच एक मार्ग असला पाहिजे, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाची परवानगी पाहिजे आणि अत्यावश्यक वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त बांधता कामा नये. बांधण्याची पद्धत, कारण आणि कालावधी केसपेपरात तत्काळ लिहिला पाहिजे आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवले पाहिजे. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हे कायद्यात शब्दशः लिहिले आहे. अशा सर्व प्रसंगांचा अहवाल दर महिन्याला मंडळाकडे जावा लागतो.

या कलमाबद्दल मी एवढ्या आग्रहाने लिहितो, त्याला माझ्या प्रशिक्षणाच्या काळातली एक सकाळ कारण आहे. हा कायदा यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. रात्री चाळीस रुग्णांमागे एक ब्रदर आणि एक वॉर्डबॉय असे. राउंडला गेलो तर पन्नाशीचा एक शेतकरी पलंगावर बसून उजव्या हाताने चहाचा पेला उचलू पाहत होता आणि मनगट वर येत नव्हते. पंजा नुसता लोंबत होता. दंडाजवळची नस रात्रभर दाबली गेली की असे होते. पट्टीचा वळ दंडावर स्पष्ट होता. केसपेपरात ब्रदरने लिहिले होते, ‘रात्री शांत झोप.’ त्याच्या खाली मी सही केली, कारण रोजच करत होतो. दुपारी त्याचा भाऊ आला आणि त्याने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, हात असा का लोंबतोय?’ किती वाजता बांधले, किती वाजता सोडले, मध्ये कोणी पाहिले का, यांतले काहीच कागदावर नव्हते, म्हणून मलाही ठाऊक नव्हते. मी त्याला ‘नस दबली आहे, बरी होईल’ एवढेच सांगितले. कशाने दबली ते सांगितले नाही. हात अडीच-तीन महिन्यांत पूर्ववत झाला. कोणी तक्रार केली नाही. तक्रार झाली असती, तर कागदावर माझी सही होती आणि कागद खोटा होता.

म्हणून आज माझ्या वॉर्डात बांधण्याच्या नोंदीचा वेगळा कागद आहे आणि त्यावर दर पंधरा मिनिटांचा रकाना आहे: बोटांचा रंग, नाडी, पाणी दिले का, लघवीला नेले का, पट्टी सैल केली का, कोणी पाहिले. पंधरा मिनिटांचा हा नियम कायद्यात नाही, तो आमच्या वॉर्डाचा आहे. पण तो रकाना भरायचा म्हणजे कोणाला तरी पलंगापर्यंत चालत जावे लागते आणि चालत गेले की माणूस शांत झालेला दिसतो, मग पट्टी सुटते. तुमच्या भावाच्या फाइलमध्ये तीन रात्रींची नोंद आहे का, ते पाहा. नोंद असेल तर कारण, वेळ आणि परवानगी देणाऱ्याची सही पाहा. नोंदच नसेल आणि मनगटावरचे वण कोणी फोटोत टिपले असतील किंवा घरी आल्यावर फॅमिली डॉक्टरांनी लिहिले असतील, तर नोंद नसणे हाच कलम ९७ चा भंग आहे.

भेटीबद्दल थोडक्यात. ‘पहिले १५ दिवस भेट नाही’ असा सरसकट नियम करण्याची मुभा कायदा देत नाही. रुग्णाला योग्य वेळी भेटण्याचा, फोन करण्याचा आणि भेट नाकारण्याचाही हक्क कलम २६ मध्ये आहे. रुग्णालय त्याला नियम लावू शकते, पण नामनिर्देशित प्रतिनिधी आणि वकील यांना त्या बंधनांतून वगळले आहे. भावाने आधी कोणाला लेखी नेमले नव्हते, म्हणून दाखल करणारी तुमची आईच नातेवाईक या नात्याने प्रतिनिधी ठरते. तिला अडवण्याचा अधिकार रुग्णालयाला नव्हता.

आता तक्रार कोठे करायची ते पाहू. दारे अनेक आहेत आणि लोक एकाच तक्रारीच्या प्रती सगळीकडे पाठवतात. तसे करू नका, कारण प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रश्न विचारला जातो.

हक्कांचा भंग झाला का, हा प्रश्न पुनर्विलोकन मंडळाचा. मंडळावर जिल्हा न्यायाधीश किंवा त्या योग्यतेची व्यक्ती अध्यक्ष असते. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आजार स्वतः अनुभवलेल्या व्यक्ती, काळजीवाहक किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी यांतले दोघे असतात. म्हणजे डॉक्टर अल्पसंख्य आहेत. अर्जाला शुल्क नाही, सुनावणी बंद दाराआड होते, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि सामान्य अर्ज ९० दिवसांत निकाली काढायचा असतो. दाखल करण्यालाच आव्हान असेल तर कलम ८९ च्या प्रकरणात ही मुदत सात दिवसांची आहे, म्हणून भाऊ आत असतानाच हा अर्ज झाला असता तर सर्वांत उपयोगी पडला असता. मंडळ पैशाची भरपाई देत नाही. पण ते रुग्णालयाची तपासणी करू शकते, आदेश देऊ शकते. आदेश न पाळल्यास पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि मंडळाच्या शिफारशीवरून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण नोंदणी रद्द करू शकते. ते रुग्णालय प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का, हेही तेथेच विचारा. शहराभोवतीची कित्येक व्यसनमुक्ती केंद्रे समजतात की हा कायदा आपल्याला लागू नाही. वस्तुतः दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येतच आहेत. कायदा मोडल्याबद्दल कलम १०८ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. तुमच्या प्रकरणात मी प्रथम मंडळाकडेच जाईन.

डॉक्टरचे वर्तन व्यवसायाला शोभणारे होते का, हे महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते. ती ताकीद देऊ शकते, नाव ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नोंदवहीतून काढू शकते. खोटी नोंद, कागदपत्रे नाकारणे, न तपासता दिलेले प्रमाणपत्र या गोष्टी तेथे न्याव्यात. रुग्णालयाच्या संचालकाने पैसे जास्त लावले, ही बाब तेथे टिकत नाही, कारण परिषदेचा अधिकार व्यक्तिगत डॉक्टरवर आहे. जाण्यापूर्वी चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक परिषदेच्या नोंदवहीत तपासा. ‘डॉक्टर’ म्हणून रोज राउंड घेणारा गृहस्थ मानसोपचारतज्ज्ञ नसल्याचे दोन प्रकरणांत मला तेथेच कळले.

सेवेत त्रुटी होती का आणि तिची भरपाई किती, हा प्रश्न जिल्हा ग्राहक आयोगाचा. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती निघून जाऊ देऊ नका. रुग्णालयाला दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. पोलिसांकडे जाण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा गुन्हा सहज दाखल होत नाही, आणि तुमच्या तक्रारीचा गाभा हक्कांचा व नोंदींचा आहे.

डॉक्टर डॉक्टरला वाचवतात का? हा प्रश्न मी टाळणार नाही. पुण्यातल्याच एका रुग्णालयाचा खटला आपल्या देशात वैद्यकीय निष्काळजीपणाचा आधार मानला जातो. मे १९५३ मध्ये वीस वर्षांच्या एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले, पुण्यात आणल्यावर भूल न देता जोर लावून हाड बसवल्याने धक्का बसून तो गेला, असे न्यायालयांनी मानले. तक्रार करणारे वडील स्वतः डॉक्टर होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये आला. भरपाई ३,००० रुपये. रुग्ण घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आहे आणि आजही वापरले जाते. त्या वडिलांना पंधरा वर्षे लढावे लागले हेही तितकेच खरे.

त्यामुळे माझे उत्तर असे की पाठीशी घालणे होते, पण बहुधा ते खोटे बोलून होत नाही, गप्प राहून होते. सहकाऱ्याविरुद्ध लेखी मत द्यायला कोणी तयार होत नाही. ‘तेथे काय परिस्थिती होती कोण जाणे’ म्हणून विषय सोडला जातो. आमच्या व्यवसायाचा हा दोष आहे आणि तो मी आमच्या बैठकांतही बोलून दाखवतो. वैद्यक परिषदेत निवाडा करणारे बहुसंख्य डॉक्टरच असतात आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात परिषदेच्या निर्णयावर अपील करण्याची तरतूद डॉक्टरपुरती लिहिली आहे, रुग्णाचा तेथे उल्लेख नाही. ही त्रुटी दुरुस्त झालीच पाहिजे. मानसोपचाराचा २०१७ चा कायदा या बाबतीत पुढे आहे, आणि त्याच्या घडणीत पुण्यातल्या मंडळींचा, आयएलएस विधी महाविद्यालयाच्या आवारातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राशी संबंधित असलेल्यांचा, वाटा होता.

एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. मंडळासमोर रुग्णालय बहुधा तुमच्या आईची सही दाखवेल, आणि कदाचित ‘काहीही करा पण ठेवून घ्या’ हे तिचे शब्दही नोंदलेले असतील. आठवडाभर जागलेली आई दुसरे काय म्हणणार? पण त्या सहीने बांधण्याला परवानगी मिळत नाही आणि आढावे माफ होत नाहीत. आईला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर सुनावणीत ती स्वतःलाच दोषी समजून बसेल.

आणि या सगळ्याच्या आधी भावाशी बोला. तुमच्या पत्रात तुमचा संताप आहे, आईचा पश्चात्ताप आहे. त्याला काय हवे आहे, ते मला कोठे दिसले नाही. तो आता सावरला असेल तर कागद मागण्याचा, तक्रार करण्याचा किंवा न करण्याचा निर्णय त्याचा आहे. फाइल आली की ती त्याच्यासोबत, दिवसाउजेडी, एकेक पान करून वाचा. त्या रात्रींचे वाचताना त्रास झाला तर थांबा आणि सध्याच्या डॉक्टरांना कळवा. औषधे मात्र रागाच्या भरात बंद होऊ देऊ नका. त्याच बैठकीत साध्या कागदावर, पुढे कधी आजार उलटला तर माझा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे त्याच्या हाताने लिहून सही घ्या. तो तुमचे नाव लिहील की आईचे की मित्राचे, हे त्याला ठरवू द्या. त्या कागदाची एक प्रत सध्याच्या डॉक्टरांच्या फाइलला लावून घ्या आणि एक घरी ठेवा.